प्रवासी-नोंदी व कुलशोध

प्रवासी-नोंदी व कुलशोध : समुद्रमार्गाने परदेशी गेलेल्या व्यक्तींचे नाव, वय, मूळ गाव इ. तपशील देणाऱ्या जहाजयाद्या, आगमन-नोंदवह्या, परवाने व तत्सम शासकीय कागदपत्रे यांच्या आधारे एखाद्या कुटुंबाच्या स्थलांतराचा इतिहास निश्चित करण्याची पद्धती. महाराष्ट्राच्या संदर्भात या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुरांच्या नोंदी होत. या नोंदी मजुरांच्या वंशजांसाठी केलेल्या नव्हत्या. कोणता मजूर कोणत्या मळ्याशी किती काळ बांधलेला आहे, हे शासनाला व मळेवाल्यांना कळावे यासाठी त्या होत्या. तथापि ज्या कुटुंबांचा गावाकडे कोणताही लेखी मागमूस उरलेला नाही, अशा अनेक कुटुंबांच्या बाबतीत हाच एकमेव लेखी पुरावा ठरतो. नोंदीचा मूळ हेतू आणि तिचा आजचा उपयोग यांतील अंतर ध्यानात ठेवल्याशिवाय तिचे वाचन बिनचूक होत नाही.

कुलेतिहासाची पारंपरिक साधने : महाराष्ट्रात घराण्यांचा इतिहास मुख्यतः वतनपत्रे, महजर, इनामांच्या सनदा व पेशवे दप्तरातील कागद यांवरून सिद्ध करण्यात आला आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे व त्यांच्या पिढ्या लिहून ठेवलेल्या आढळतात. दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या कर्नाटकात हेळवी लोक ठरलेल्या कुळांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. विसाव्या शतकात या साधनांच्या आधारे अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले.

या साधनांचे एक समान लक्षण असे, की ज्याच्याकडे वतन, जमीन, वृत्ती अथवा यात्रेला जाण्याइतकी ऐपत होती, त्याचेच नाव त्यांत प्रामुख्याने उतरले. कोकणातील खोताचे नाव सरकारी दप्तरात सापडते. परंतु त्या खोताची जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सहसा सापडत नाही. गावकामगार, भूमिहीन मजूर व अस्पृश्य मानलेल्या जाती यांची स्थिती याहून वेगळी नव्हती. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांपैकी बरेच जण याच थरांतील होते. त्यामुळे ज्याला गावाच्या दप्तरात ओळदेखील लाभली नाही, त्याची उंची, वय, बापाचे नाव व अंगावरील व्रणाची खूण सातासमुद्रापलीकडील नोंदवहीत जपलेली आढळते.

मॉरिशसकडील स्थलांतर : मॉरिशस बेट १८१० मध्ये ब्रिटिशांनी फ्रेंचांकडून जिंकून घेतले. तत्पूर्वीच्या ऊसमळ्यांवरील मजुरी आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांकडून करून घेतली जात असे. १८१५ पासून बंगाल व मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे काही कैदीही तेथे रस्तेबांधणीसाठी पाठविण्यात आले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. त्याच सुमारास मळेवाल्यांनी करारबद्ध भारतीय मजूर आणण्यास सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई येथे पोहोचले, तो या प्रयोगाचा आरंभ मानला जातो.

खाजगी दलालांच्या हाती असलेल्या या वाहतुकीत फसवणूक व हाल यांच्या तक्रारी वाढल्यामुळे १८३८ मध्ये ती थांबविण्यात आली. १८४२ च्या कायद्याने तिला पुन्हा परवानगी मिळाली. मात्र यापुढे कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीनच बंदरांतून आणि शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली मजूर नेता येतील, असे ठरविण्यात आले. १८३४ ते १९१० या काळात मॉरिशसला गेलेल्या भारतीय मजुरांची एकूण संख्या सु. ४,५०,००० भरते. त्यांत कलकत्त्याचा वाटा सर्वांत मोठा, मद्रासचा त्याखालोखाल व मुंबईचा सर्वांत लहान, म्हणजे दशांशाहूनही कमी होता. मुंबईहून झालेले स्थलांतर प्रामुख्याने १८४० ते १८६० च्या दशकांतील आहे. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा होता. शिवाय सावंतवाडी संस्थान, कुलाबा व ठाणे जिल्हे आणि देशावरील सातारा इ. भागांतूनही मजूर गेले. मॉरिशसच्या मराठी समाजात टिकून राहिलेला झाकरी हा नृत्यप्रकार कोकणातील जाखडीशी नाते सांगतो आणि कागदोपत्री दिसणाऱ्या या उगमास दुजोरा देतो.

नोंदींची निर्मिती व स्वरूप : मजुराची नोंद एकाच वेळी झालेली नसून ती अनेक टप्प्यांत होत गेली. मुंबईस भरती झाल्यावर वैद्यकीय तपासणी होऊन त्याचे नाव जहाजाच्या यादीत चढे. यादीची प्रत जहाजाबरोबर पाठविली जाई. पोर्ट लुई येथे उतरल्यावर मजुरांना आगमन-तळावर सुमारे दोन दिवस ठेवले जाई. १८४९ पासून बांधण्यात आलेला हा तळ आता ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो. येथे यादीशी ताडून पाहून प्रत्येकाला एक अनुक्रमांक देण्यात येई आणि तो आगमन-नोंदवहीत नावासमोर लिहिला जाई.

आगमन-नोंदीत सामान्यतः पुढील तपशील आढळतो : अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, परगणा व जिल्हा, ओळख पटविणाऱ्या शारीरिक खुणा, जहाजाचे नाव, आगमनाची तारीख आणि ज्या मळ्यावर नेमणूक झाली त्याचे नाव. सर्वच नोंदींत सर्व रकाने भरलेले असतातच असे नाही. आरंभीच्या वर्षांतील नोंदी त्रोटक असून पुढे त्या अधिकाधिक तपशीलवार होत गेलेल्या दिसतात. १८६० च्या दशकापासून मजुरांची छायाचित्रे घेण्यास सुरुवात झाली. मुंबईहून गेलेल्यांपैकी बरेच जण तत्पूर्वीच पोहोचलेले असल्यामुळे त्यांचे छायाचित्र आगमनाच्या वेळचे नसून, असलेच तर पुढे परवान्यासाठी काढलेले, म्हणजे उतारवयातील असते.

शोधकाच्या दृष्टीने यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनुक्रमांक ही होय. नावाची स्पेलिंगे कागदागणिक बदलली, तरी अनुक्रमांक आयुष्यभर तोच राही. करारपत्र, परवाना, विवाहनोंद, परतीचा प्रवास व मृत्यू यांच्या नोंदींत तोच अंक पुन्हा येतो. त्यामुळे वेगवेगळ्या दप्तरांतील नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत की नाहीत, हे या अंकावरून निःसंदिग्धपणे सांगता येते.

नावांचे वाचन : मराठी माणसाने मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलेले नाव मुंबईतील कारकुनाने इंग्रजीच्या वळणाने रोमन लिपीत लिहिले आणि पोर्ट लुई येथील कारकुनाने ते पुष्कळदा फ्रेंच वळणाने उतरवून घेतले. म्हणजे नोंदीतील नाव हे त्या व्यक्तीच्या नावापेक्षा दोन कारकुनांच्या कानांची नोंद असते. रोमन लिपीच्या तत्कालीन लेखनात द, ड, ध व ढ या चार वर्णांसाठी बहुधा एकच अक्षर येते. न व ण, ल व ळ यांतील भेद लोपतो. शब्दाच्या आरंभीचा ‘ह’ गळतो, अथवा नसता जोडला जातो. त्यामुळे नोंदीतील एकेका नावाची मराठीत तीन-चार संभाव्य रूपे मांडून पाहावी लागतात आणि कोकणात त्या काळी प्रत्यक्ष प्रचारात असलेल्या नावांशी ती पडताळावी लागतात. धोंडू, विठू, बाबाजी, रखमी, भागी अशी नावे परिचित असणाऱ्याला जे वाचन सहज सुचते, ते केवळ रोमन अक्षरे पाहणाऱ्याला सुचत नाही.

आडनावांच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. नोंदवहीत व्यक्तीचे व बापाचे नाव विचारले जाई. आडनावाचा रकाना नव्हता. कष्टकरी वर्गात आडनाव नित्य वापरण्याचा प्रघातही त्या काळी सार्वत्रिक नव्हता. मॉरिशसमधील नागरी नोंदणी फ्रेंच पद्धतीची असल्यामुळे अपत्याला आडनाव देणे आवश्यक ठरे आणि तेथे आलेल्या पहिल्या पुरुषाचे व्यक्तिनामच पुढील पिढ्यांचे आडनाव बनून जाई. आज मॉरिशसच्या मराठी समाजात गणू, बापू, सखाराम यांसारखी मूळची व्यक्तिनामे आडनावे म्हणून आढळतात, ती याच कारणाने. अशा आडनावावरून गावाचा अथवा घराण्याचा बोध होत नाही. परंतु पहिल्या आप्रवाशाच्या नावाचा होतो आणि शोधाचा धागा तेथूनच हाती लागतो.

या संदर्भात बेने इझ्राएल या मराठी भाषिक ज्यू समाजाशी तुलना उद्‌बोधक ठरते. कुलाबा जिल्ह्यातील गावांवरून पडलेली पेणकर, रोहेकर, दिवेकर यांसारखी आडनावे घेऊन या समाजातील बहुसंख्य लोक १९४८ नंतर इझ्राएलमध्ये स्थायिक झाले. त्यांच्या वंशजांच्या आडनावातच गाव असल्याने प्रवासाची कागदपत्रे नसली, तरी मूळ स्थानाचा शोध अवघड जात नाही. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचे नेमके उलट आहे; त्यांचे गाव आडनावातून निसटले, पण कागदावर राहिले.

नावांच्या अखेरीचे प्रत्ययही साहाय्यक ठरतात. उदा., ‘नाक’ हा प्रत्यय एकोणिसाव्या शतकातील महार समाजातील पुरुषांच्या नावांत नेहमी आढळतो. कोरेगाव येथील जयस्तंभावर कोरलेल्या सैनिकांच्या नावांतही तो दिसतो. नोंदवहीतील एखाद्या नावाच्या शेवटी तो आल्यास ते नाव मराठी प्रदेशातील असल्याचे बव्हंशी निश्चित होते. मात्र ‘मराठा’ या शब्दाबाबत सावधगिरी हवी. नोंदवह्यांत तो कधी जात, कधी भाषा, तर कधी केवळ प्रदेश दर्शवितो.

स्थळनिश्चिती : मूळ गाव निश्चित करणे हे कुलशोधाचे अंतिम उद्दिष्ट असते आणि सर्वाधिक चुकाही याच टप्प्यावर होतात. त्यांची प्रमुख कारणे चार आहेत. पहिले, गावांच्या नावांचे लेखन व्यक्तिनामांप्रमाणेच कानावर विसंबून झालेले आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात महाड हे गाव व महार ही जात यांची स्पेलिंगे काही वेळा सारखीच आढळतात. त्यामुळे जातीच्या व गावाच्या रकान्यांत गल्लत होण्याचा संभव असतो. दुसरे, एकाच नावाची अनेक गावे असतात. पाली, नांदगाव, वाडी यांसारख्या नावांवरून परगणा वा तालुका ठाऊक असल्याशिवाय काहीच ठरत नाही.

तिसरे कारण म्हणजे प्रशासकीय सीमांतील बदल. नोंदीतील रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग १९८१ पासून सिंधुदुर्ग या वेगळ्या जिल्ह्यात आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव त्याच वर्षी रायगड असे झाले. सावंतवाडी हे १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते. मुंबईच्या उपनगरांबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. सांताक्रूझ, अंधेरी, बोरिवली इ. स्थळे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात मोडत असे. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला. त्यामुळे साष्टीतील एखाद्या गावाचा रहिवासी नोंदवहीत मुंबईखाली न सापडता ठाण्याखाली सापडण्याची शक्यता अधिक.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे. अनेकांच्या नोंदीत मूळ स्थान म्हणून ‘मुंबई’ एवढेच लिहिलेले असते. कोकणातून मजुरीसाठी मुंबईस येणाऱ्यांचा ओघ त्या शतकात सतत वाढत होता. १८८१ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या लोकसंख्येपैकी सु. एक षष्ठांश लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. मुंबईत काम न मिळालेल्यांना भरती करणारे दलाल गाठत. अशांचे स्थलांतर दुहेरी असते; गावाकडून मुंबईस व मुंबईहून मॉरिशसला. नोंदीत फक्त दुसरा टप्पा उतरतो. उलटपक्षी, मुंबईहून सुटलेल्या जहाजावरील प्रत्येक प्रवासी मराठी भाषिक होता असेही नाही. गुजरात, गोवा, हैदराबाद संस्थान व उत्तर हिंदुस्थान येथील लोकही याच बंदरातून गेले.

स्त्रियांच्या नोंदी : प्रत्येक जहाजावर पुरुषांच्या ठराविक प्रमाणात स्त्रिया असाव्यात, असा निर्बंध १८५० च्या दशकात घालण्यात आला. त्यामुळे स्त्रियांच्या नोंदी मोठ्या प्रमाणात उपलब्ध आहेत. पण त्यांवरून माहेर शोधणे कठीण असते. विवाहानंतर स्त्रीचे व्यक्तिनामही बदलण्याची चाल मराठी समाजात असल्याने नोंदीतील नाव सासरचे असण्याचा संभव असतो. पुष्कळ ठिकाणी तिच्या नावासमोर पतीचा अनुक्रमांक लिहून काम भागविलेले दिसते. तथापि एकट्याने गेलेल्या स्त्रीच्या नोंदीत बापाचे नाव व गाव स्वतंत्रपणे येते. मराठी कुलवृत्तांतांच्या परंपरेत स्त्रीला जे स्थान क्वचितच मिळाले, ते अशा नोंदीत मिळालेले आढळते.

शोधाची पद्धती : कुलशोधाचा मार्ग नेहमी वर्तमानाकडून भूतकाळाकडे जातो. समजा, मॉरिशसमधील व्हाकोआ किंवा कास्कावेल येथील मराठी कुटुंबाला आपला मूळ पुरुष शोधावयाचा आहे. अशा कुटुंबाने प्रथम घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तींकडून नावे, कुलदैवत, मळ्यांची नावे व आख्यायिका लिहून घ्याव्या लागतात. त्यानंतर नागरी नोंदणीच्या कार्यालयातून जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले मिळवून एकेक पिढी मागे जावे लागते. भारतात जन्मलेल्या पहिल्या व्यक्तीच्या विवाहाच्या अथवा मृत्यूच्या दाखल्यावर अनुक्रमांक सापडला, की तिसरा टप्पा सुरू होतो.

तो टप्पा मोका येथील महात्मा गांधी संस्थेत पार पडतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत भारतीय आप्रवासनाचे दप्तर सुरक्षित असून त्यात दोन हजारांहून अधिक खंड आहेत. अनुक्रमांकावरून आगमन-नोंद, मळ्यावरील नेमणूक आणि असल्यास छायाचित्र येथे मिळते. येथून जहाजाचे नाव व तारीख कळल्यावर मुंबईकडील साधनांची मदत घेता येते. मुंबईचे अभिलेख कार्यालय १८२१ मध्ये स्थापन झाले असून एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत दीर्घकाळ असलेल्या या दप्तरात मुंबई शासनाचा स्थलांतरविषयक पत्रव्यवहार आहे. बाँबे टाइम्स (स्थापना १८३८) सारख्या वृत्तपत्रांतील जहाजांच्या आवक-जावकीच्या सदरांवरून प्रस्थानाची तारीख पडताळता येते. मात्र अशा सदरांत वरच्या वर्गातील प्रवाशांचीच नावे छापली जात. मजुरांचा उल्लेख असला, तर तो केवळ संख्येने असे.

शेवटचा टप्पा गावातील होय. गावाचे नाव एका निश्चित खेड्याशी जुळले, तरी तेथील जमिनीच्या मोजणीचे कागद व जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या बहुधा मजूर निघून गेल्यानंतरच्या काळातील असतात. म्हणून त्यांत त्याचे नाव सापडण्याची अपेक्षा धरता येत नाही. सापडलीच तर मागे राहिलेल्या भावांची वा पुतण्यांची नावे सापडतात. या ठिकाणी ग्रामदैवत, देवक, वाडीची रचना व दोन्हीकडील तोंडी परंपरा यांचा मेळ घालूनच निष्कर्ष काढावा लागतो. केवळ नाव व गाव जुळले म्हणून नाते सिद्ध झाले, असे मानता येत नाही. बापाचे नाव, वय, जात व काळ या चार गोष्टींपैकी किमान दोन स्वतंत्रपणे जुळल्याशिवाय निष्कर्ष संभाव्य या पातळीवरच ठेवणे इष्ट.

नोंदींचा हेतू व मर्यादा : नोंदवह्यांतील तपशिलाची विपुलता पाहून त्या मजुरांच्या हितासाठी ठेवल्या होत्या, असा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात परवाना व छायाचित्र हे नियंत्रणाचे साधन होते. करार पूर्ण केलेल्या मजुरासही परवाना जवळ बाळगावा लागे. तो दाखविता न आल्यास भटक्या ठरवून अटक करण्यात येई. १८५० च्या दशकात मोफत परतप्रवासाचा हक्कही काढून घेण्यात आला. या जाचाविरुद्ध आडोल्फ द प्लेव्हित्स या मळेवाल्याने १८७१ मध्ये मजुरांच्या वतीने गव्हर्नरला अर्ज सादर केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. परिणामी १८७२ मध्ये राजकीय चौकशी आयोग नेमण्यात येऊन त्याचा अहवाल १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या छायाचित्रात आज वंशजाला आपल्या पणज्याचा चेहरा प्रथमच दिसतो, ते छायाचित्र त्या पणज्याला पकडता यावे म्हणून काढलेले होते.

यातून एक व्यापक निष्कर्ष निघतो. प्रवाशाविषयीच्या नोंदीची विपुलता ही त्याच्या प्रतिष्ठेच्या नव्हे, तर त्याच्यावरील बंधनाच्या प्रमाणात असते. स्वखर्चाने प्रवास करणारे व्यापारी व नोकरदार यांच्याविषयी जहाजयादीत नावापलीकडे फारसे काही नसते. किनाऱ्यावरील प्रवाशांच्या बाबतीत तर नावही नसते. लाखो कोकणी माणसे बोटीने मुंबईस आली आणि त्यांच्या नावांची कोणतीही यादी झाली नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडून सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, तेव्हा मृतांचा आकडादेखील सर्वत्र एक दिला गेला नाही. त्यापूर्वी शंभर वर्षे मॉरिशसला गेलेल्या मजुराच्या कपाळावरील व्रण लिहून ठेवणाऱ्या शासनाला रेवसच्या उतारूची नोंद ठेवण्याचे प्रयोजन नव्हते.

इतर देशांतील नोंदी : करारबद्ध मजुरांच्या अशाच नोंदी फिजी, नाताळ (दक्षिण आफ्रिका), सुरिनाम, गुयाना, त्रिनिदाद इ. वसाहतींसाठीही उपलब्ध आहेत. नाताळमध्ये १८६० ते १९११ या काळात सु. १,५२,०००, फिजीत १८७९ ते १९१६ या काळात सु. ६०,००० व सुरिनाममध्ये १८७३ ते १९१६ या काळात सु. ३४,००० भारतीय मजूर गेले. ही जहाजे प्रामुख्याने कलकत्ता व मद्रास येथून सुटत असल्याने त्यांत मराठी भाषिक थोडे आढळतात. अमेरिकेत १८१९ च्या कायद्यानुसार जहाजांच्या कप्तानांनी उतारूंच्या याद्या सादर करणे सक्तीचे झाले. न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावरील (१८९२–१९५४) अधिकाऱ्यांनी आप्रवाशांची नावे बदलली, अशी लोकसमजूत आहे. परंतु तेथील याद्या प्रस्थानाच्या बंदरातच तयार होत. ब्रिटनमध्ये १८७८ ते १९६० या काळातील आगमनाच्या जहाजयाद्या जतन केलेल्या आहेत. मुंबईहून शिक्षणासाठी वा व्यवसायासाठी विलायतेस गेलेल्यांचा शोध त्यांत घेता येतो.

विमानप्रवासाचा काळ : १९६० नंतर समुद्रप्रवास मागे पडला आणि जहाजयाद्यांचे युगही संपले. मुंबईत या बदलाचे केंद्र सांताक्रूझ हे होते. १९४८ मध्ये नागरी विमानवाहतूक जुहूहून सांताक्रूझच्या विमानतळावर आली आणि त्याच वर्षी ८ जून रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे लंडनला जाणारे पहिले विमान मुंबईहून सुटले. परदेशी जाणाऱ्या व परतणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने बॅलार्ड पिअरचे स्थान सांताक्रूझने घेतले. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी लगतच सहार येथे नवे स्थानक सुरू झाले. विमानांच्या उतारूयाद्या मात्र जहाजयाद्यांप्रमाणे अभिलेखागारांत जतन झाल्या नाहीत. त्यामुळे १९६० नंतर अमेरिकेस वा इंग्लंडला गेलेल्या मराठी कुटुंबाच्या बाबतीत पारपत्रे, पत्रे, विद्यापीठांचे दाखले व नागरिकत्वाची कागदपत्रे हीच मुख्य साधने ठरतात. ती बहुधा घरातच असतात आणि घर मोडले, की नाहीशी होतात.

बंधन व नोंद यांचे वर सांगितलेले नाते या काळातही टिकून राहिले. १९७० नंतर आखाती देशांकडे मजुरांचा ओघ सुरू झाला. १९८३ च्या स्थलांतरविषयक कायद्याने ठराविक देशांकडे जाणाऱ्या विशिष्ट वर्गांतील कामगारांना स्थलांतर-संरक्षकाची परवानगी आवश्यक केली. व्यवहारात दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारांना ती घ्यावी लागू लागली. साहजिकच याच विमानतळावरून गेलेल्या अभियंत्यापेक्षा गवंड्याची शासकीय नोंद अधिक तपशीलवार आहे. शंभर वर्षांनंतरच्या शोधकाला त्या गवंड्याचे गाव सापडण्याचा संभव त्यामुळे अधिक राहील. मात्र त्यासाठी या नोंदी टिकविल्या जाणे आवश्यक आहे.

जतन व सद्यःस्थिती : आप्रवासी घाटाचा २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. मॉरिशसमधील करारबद्ध आप्रवासनाच्या नोंदी २०१५ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या सूचीत नोंदविण्यात आल्या. फिजी, गुयाना, सुरिनाम व त्रिनिदाद-टोबॅगो येथील तत्सम नोंदींना २०११ मध्ये हे स्थान मिळाले होते. मुंबई विद्यापीठाच्या सांताक्रूझ (कलिना) येथील विद्यानगरी परिसरात १९७१ मध्ये स्थापन झालेले आफ्रिकाविषयक अध्ययनकेंद्र आहे. आफ्रिकेच्या अभ्यासाची ही सोय मुंबईत असल्यामुळे या विषयाच्या संशोधनास येथे अनुकूल भूमी आहे.

कुलशोधाला अलीकडे कायदेशीर महत्त्वही आले आहे. मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या व्यक्तींना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड सातव्या पिढीपर्यंत देण्याचा निर्णय भारत सरकारने मार्च २०२५ मध्ये जाहीर केला. त्यासाठी पूर्वजाची आगमन-नोंद हा महत्त्वाचा पुरावा होय. याबरोबरच नोंदींतील जातीचा रकाना नाजूक ठरतो. समुद्रापलीकडे गेलेल्या अनेक कुटुंबांनी जात मागे टाकली, काहींनी ती बदलून सांगितली. दीडशे वर्षांनी हाती आलेल्या नोंदीत त्यांना ती पुन्हा भेटते. नोंद दडविणे अथवा सोयीची ओळ तेवढी वाचणे हा त्यावरील उपाय नव्हे. जात सांगण्यास लावणारा रकाना शासनाचा होता. प्रवास त्या माणसाचा होता, हा भेद शोधकाने पाळल्यास नोंद तिच्या मूळ हेतूपासून मुक्त होते. मळ्याच्या हिशेबासाठी दिलेल्या अनुक्रमांकावरून माणसाचे नाव, बापाचे नाव व गाव पुन्हा जुळविणे, हेच या पद्धतीचे खरे कार्य होय.